बोर्डापाशी कुणीतरी हवं

मी "बंद" म्हणालो आणि ड्रिल बंद झालं.

त्यात मला काही नवल वाटलं नाही. कितीतरी वर्षं तसंच होत आलं होतं. डाव्या हाताची स्वेटरची बाही फिरत्या बिटात अडकली, बघता बघता गुंडाळत गेली, मनगट जाऊन बिट आवळून धरणाऱ्या चकाला भिडलं, मी ओरडलो आणि यंत्र थांबलं. "बरं झालं गं," असं म्हणत मी मान मागे वळवली.

बोर्डापाशी कुणी नव्हतं. भिंतीशी ठेवलेलं लाकडी स्टूल रिकामं होतं. माझी बायको, कौसल्या, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मग कान उघडले. शेजारच्या देवरेबाईंचा टीव्ही गप्प झाला होता. रस्त्यापलीकडची पिठाची गिरणी थांबली होती. ड्रिल कुणी बंद केलं नव्हतं, वीज गेली होती. त्या काळी नाशिकला भारनियमन फार. वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि वीज तिच्या मनाला येईल तेव्हा जायची आणि यायची. कधी दोन दोन तास नसायची, कधी चहा उकळायच्या आत परत यायची.

ती परत आली की ड्रिल आपोआप सुरू होणार होतं, कारण बोर्डावरचं बटण चालूच होतं. माझा हात मात्र चकापाशी होता.

हे ड्रिल मी निवृत्त झालो त्या वर्षी भद्रकालीतल्या एका दुकानातून घेतलं होतं. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. रात्रमुक्कामाच्या गाड्याच जास्त. घरी बसल्यावर हाताला काम हवं म्हणून हे वेड घेतलं. घराच्या मागची मोकळी जागा पत्रा टाकून झाकली, भिंतीला टेबल ठोकलं आणि त्यावर स्टँड बसवून ड्रिल उभं केलं. मग ग्राइंडर आला, लाकूड कापायची छोटी करवत आली. सगळा स्वस्तातला माल. स्वस्तातला माल पाळावा लागतो, म्हशीसारखा. कार्बन ब्रश झिजले का बघायचं, गिअरमध्ये ग्रीस भरायचं, बेअरिंग कुरकुरलं की लगेच बदलायचं. ते मी मनापासून करायचो. माझं ग्राइंडर उघडून आतला पंखा ब्रशने साफ केलेला पाहून दुकानदार म्हणाला होता की काका, एवढी सेवा लोक आईबापाची करत नाहीत.

ड्रिलचा ट्रिगर मात्र दुसऱ्याच वर्षी बिघडला. दाबलं तरी मध्येच सोडायचा. त्यावर मी एक प्लास्टिकचा पट्टा आवळला, वायरी बांधायला वापरतात तो. तो एकदा ओढला की पुढेच जातो, मागे येत नाही, कापावाच लागतो. ट्रिगर कायमचा दाबलेला राहिला. चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बोर्डावरून. पुढे प्लग तापून वितळला, तेव्हा वायर सरळ बोर्डात जोडली आणि भिंतीला क्लिपा मारून पक्की केली. आता वायर ओढून निघणार नव्हती, आणि बोर्ड माझ्यापासून चांगला लांब होता. तिन्ही गोष्टी माझ्याच हातच्या होत्या आणि तिन्ही करताना मला शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं.

उजव्या हाताने मी आधी पट्टा चाचपला. नखाने त्याची जीभ उचलायचा प्रयत्न केला, नख मोडलं. चक उलटा फिरवून बघितला, पण त्यावर लोकर अशी घट्ट बसली होती की बोटांना पकड मिळेना. चकाची चावी दोरीला लटकत होती, पण ती जिथे घालायची ती भोकंच लोकरीखाली गेली होती. मग स्वेटर काढून सुटावं म्हटलं. डोकं आणि उजवा हात बाहेर काढला. डावी बाही कोपरापर्यंत पिळून आत गेली होती, ती सुटेना. तिबेटी लोकांच्या बाजारातला स्वेटर, घेताना मीच ओढून बघितला होता की टिकेल ना.

कटर, पक्कड, कात्री सगळं समोरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेलं. काम झालं की हत्यार जागेवर, हा कौसल्येचा नियम. ती गेल्यावरही मी तो मोडला नव्हता.

हाताची बोटं गार पडायला लागली. मी टेबल हलवायचा प्रयत्न केला. ते मीच भिंतीत बोल्ट मारून बसवलेलं, ते कशाला हलतंय? माझी नजर सारखी बोर्डाकडे जायची. बोर्डावरच्या मोठ्या बटणाला हळदीचा डाग होता. खंडेनवमीला कौसल्या सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावायची आणि शेवटी बोर्डालाही लावायची. मी हसलो तर म्हणायची, "तुमची हत्यारं ती, माझं हे." मागच्या खंडेनवमीला मी पूजा केली नाही. तो डाग तिच्या बोटाचा होता.

"आहेरभाऊ."

आवाज जाळीतून आला. आमच्या घरांची मागची भिंत एकच, आणि तिच्यात वरच्या बाजूला सिमेंटची जाळी आहे. पलीकडे देवरेबाईंचं स्वयंपाकघर. बाई पालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आवाज अजून वर्गातलाच. दिवाळीआधी न्हाणीघरात पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण पलंग ते स्वयंपाकघर यापलीकडे त्या गेल्या नव्हत्या. मुलगी धुळ्याला, मदतीला मंगल नावाची बाई सकाळ-संध्याकाळ यायची. माझ्या यंत्रांचा त्यांना तिटकारा होता. जाळीला त्यांनी उशी लावून पाहिली होती.

"आज 'बंद' फार मोठ्याने म्हणालात," त्या म्हणाल्या. "काही झालं का?"

माझ्या तोंडातून आधी "काही नाही" असंच निघालं. माणसाची सवय. मग म्हणालो, "बाई, हात अडकलाय. ड्रिलमध्ये."

मग त्यांनी विचारलं की रक्त येतंय का, बोटं हलतात का, आणि मी एकेक उत्तर देत गेलो. शाळेत हजेरी द्यावी तसं. वीज आली की काय होईल हे मी सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं.

"बटण चालू आहे?"

"हो."

"म्हणजे वीज आली की फिरणार."

"हो."

"आणि तुम्ही काही नाही म्हणता."

त्यांनी मोबाइल काढला. मंगलला लावला, तो वाजून वाजून बंद झाला. मग खिडकीशी जाऊन गल्लीत हाका मारल्या. गल्लीत कुणी नव्हतं. पुरुष कंपन्यांत, पोरं शाळेत, आणि बायका मागच्या चौकातल्या एका घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलेल्या. बाई परत येऊन म्हणाल्या, "सगळ्या वाण लुटायला गेल्यात. विधवा आणि लंगडी, मला कोण बोलावतंय. आणि तुम्हाला तर नाहीच." एवढ्या अडचणीतही मला हसू आलं.

मी म्हणालो, वीज कंपनीच्या ऑफिसला फोन करा, सांगा की सोडू नका. त्यांनी केला. बराच वेळ एंगेज लागला. मग कुणीतरी उचलला आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या म्हणाला. बाईंनी त्याला असं झापलं की शाळेतली पोरं आठवली मला. पण त्याच्या हातात काही नव्हतं.

"मेन स्विच कुठे आहे तुमचा?" त्यांनी विचारलं.

सांगावं लागलं. मेन स्विच पुढच्या ओट्यावर, मीटरच्या खाली. म्हणजे त्यांना त्यांच्या दारातून बाहेर पडायचं, ओट्याच्या पायऱ्या उतरायच्या, माझं फाटक उघडायचं आणि माझ्या पायऱ्या चढायच्या. पायऱ्यांना कठडा नाही. ऑपरेशन झाल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा पडलात तर उठणं कठीण.

"बाई, तुम्ही येऊ नका," मी म्हणालो. "मंगलला परत लावा."

"मंगल फोन पर्समध्ये ठेवते आणि पर्स खुंटीला. मी ओळखते तिला."

"पडाल."

"पडेन तर पडेन. तुमचा हात गेला तर मी रोज संध्याकाळी ऐकायचं काय?"

त्या काय म्हणाल्या ते मला तेव्हा कळलं नाही. विचारायच्या आत वॉकरचा आवाज सुरू झाला. टक, मग पाय घासल्याचा, मग टक. तो दूर गेला. त्यांचं पुढचं दार करकरलं.

त्यानंतर मला काही ऐकू येईना. एकदा आला तो आवाज पायरीवर वॉकर आपटल्याचा, आणि त्यामागे बाईंचा "आई गं" असा दबका. मी हाका मारल्या, उत्तर नाही. मी तिथे उभा होतो, एक हात बांधलेला, अंगात नुसता बनियन आणि डाव्या दंडापासून अर्धा लोंबणारा स्वेटर. वाटलं, आपण एका म्हाताऱ्या बाईचं दुसरं हाड मोडलं. मग वाटलं, वीज येऊन जाऊ दे एकदाची, हात जाईल तर जाईल, मोकळा तर होईन. हे खरंच वाटलं. हातापुरतं नव्हतं ते वाटणं. वर्षभर मी मागे येऊन सकाळ-संध्याकाळ भोकं पाडत होतो आणि फळ्या लावत होतो. घरातल्या प्रत्येक भिंतीला फळी होती आणि एकीवरही काही ठेवलेलं नव्हतं. एका माणसाला ठेवायला असतं काय? तरी आज पुन्हा फळीच्याच पट्टीला भोक पाडत होतो.

पुढून फाटकाची कडी वाजली. माझ्या जिवात जीव आला.

"तुमचं फाटक का घासतं एवढं?" बाईंचा आवाज. धाप लागली होती. "एवढी यंत्रं आणि फाटकाला तेल नाही?"

"घालतो, बाई."

"कौसल्या सांगून सांगून गेली."

त्या पायऱ्यांशी थांबल्या असाव्यात. आणि तेवढ्यात रस्त्यापलीकडची गिरणी सुरू झाली.

गिरणी दुसऱ्या लाइनवर आहे. आधी तिकडे वीज येते, मग आमच्या गल्लीत. मध्ये किती वेळ जातो याचा नेम नाही. तिचा पट्टा घरघरायला लागला.

"बाई, गिरणी लागली," मी ओरडलो.

"बहिरी नाही मी."

वॉकर पायरीवर टेकला. एक पाय. दुसरा पाय. मला ते दिसत नव्हतं, पण दरवेळी मध्ये जी शांतता पडत होती तिच्यात मी पाय टाकत होतो. मग वॉकर ओट्याच्या फरशीवर आला. लोखंडी पेटीवर हात पडल्याचा आवाज झाला.

"हा दांडा खाली करायचा ना?"

"हो. जोर लावून."

"हलत नाही."

तो गंजला होता. घरातल्या प्रत्येक गोष्टीला मी ग्रीस लावलं होतं, त्याला नाही, कारण त्याला कधी हात लावायची वेळच आली नाही. बटण होतं, आणि बटणापाशी कौसल्या होती.

"दोन्ही हातांनी ओढा," मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर चूक कळली.

"मग वॉकर सोडावा लागेल."

"नका सोडू. बाई, राहू द्या."

"गप्प बसा जरा."

पुढचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. वॉकरचे पाय फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. मग खाडकन लोखंड आपटलं. आणि त्यापाठोपाठ, म्हणजे अगदी पाठोपाठ, जाळीतून बाईंचा टीव्ही मोठ्याने सुरू झाला. त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागला आणि जाळीच्या भोकांतून उजेडाचे ठिपके माझ्या टेबलावर पडले.

माझ्याकडचा दिवा लागला नाही. ड्रिल तसंच उभं होतं.

"बंद आहे," बाई ओट्यावरून म्हणाल्या.

अगदी तसंच. कौसल्या म्हणायची तसं. मी "बंद" म्हणायचो, ती बटण वर करायची आणि "बंद आहे" म्हणून सांगायची. त्याशिवाय मी हात पुढे करायचा नाही असा आमचा ठराव होता. एसटीत घंटी दिल्याशिवाय गाडी हलत नाही आणि घंटी दिल्याशिवाय थांबत नाही. यंत्राजवळ एकाने राहायचं आणि घंटीजवळ दुसऱ्याने, ही शिस्त मीच घरात आणली होती. संध्याकाळी ती स्टुलावर बसायची, मांडीवर मेथी किंवा मटार, एक हात बोर्डावर. चालू म्हटलं की चालू. बंद म्हटलं की बंद. मधल्या वेळात ती बोलायची. तीस वर्षांतलं राहिलेलं सगळं. माझ्या भावाच्या लग्नात काय झालं, पोरगी पहिल्यांदा चालली तेव्हा मी कोणत्या गाडीवर होतो, तिच्या आईने तिला मरताना काय सांगितलं. पुढचं भोक पाडायचं असलं की मी म्हणायचो, "थांब, चालू कर," आणि ते बोलणं तिथेच राहायचं, आणि यंत्र थांबलं की तिथूनच पुढे सुरू व्हायचं.

बाई घरातून येत होत्या. दार मी नुसतं लोटलेलं असतं. वॉकर माझ्या पुढच्या खोलीतून, मग स्वयंपाकघरातून टकटकत आला. वाटेत त्या एकदा थांबल्या. फळ्या बघत असणार.

मागच्या दारात त्या दिसल्या तेव्हा त्यांचा चेहरा घामाने भिजलेला होता आणि पातळाची कड चिखलाने माखली होती. मला बघून त्या म्हणाल्या, "कात्री कुठली? ही?" आणि भिंतीवरची पत्रा कापायची कात्री काढली. मी म्हटलं, ती नको, शेजारचा कटर. त्यांनी वॉकर टेबलाला टेकवला आणि एका हाताने टेबल धरून दुसऱ्या हाताने लोकर कापायला लागल्या. सावकाश, एकेक पीळ. माझ्या कातडीला एकदाही पातं लागलं नाही. हात सुटला तसा मी खालीच बसलो. मनगटावर लाल कडं उमटलं होतं, बोटं निळी पडली होती, पण हलत होती.

बाई स्टुलावर बसल्या. कौसल्येच्या. वर्षभर त्यावर कुणी बसलं नव्हतं. मला काहीतरी वाटेल असं मला वाटलं, पण बरंच वाटलं.

त्यांची नजर ड्रिलवर गेली. ट्रिगरवरच्या पट्ट्यावर.

"हा अजून बदलला नाहीत?"

"त्याचा स्विच मिळत नाही. दुकानदाराने कौसल्येला सांगितलं होतं, तो माल येणं बंद झालं म्हणून. तीच गेली होती आणायला."

बाईंनी पदराने तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मिळाला होता."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"ती घेऊन आली होती. दुकानातून सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, बाई, हा तुमच्या डब्यात ठेवा. हा बसला की यांना मी लागायची नाही. तीस वर्षांनी माणूस घरी आलाय." त्यांनी जाळीकडे बोट केलं. "माझ्या मसाल्याच्या कपाटात आहे. पुडीसकट."

मी मनगट चोळत बसलो. त्याच बोलल्या.

"ती गेल्यावर द्यायला हवा होता मी. रोज ठरवायचे. मग संध्याकाळी पलीकडून तुमचा आवाज यायचा. चालू. बंद. तुम्ही अजून म्हणता, माहीत आहे ना? एकटेच. मध्ये थोडं थांबता, तिने उत्तर द्यावं म्हणून. मला वाटायचं, दिला तर हेही बंद होईल. मग भिंतीपलीकडे नुसतं यंत्र राहील." त्यांचा वर्गातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ती माझीही होती, आहेरभाऊ. आज तुमचा हात गेला असता तो माझ्यामुळे."

मी वर्षभर बोलत होतो हे मला खरंच माहीत नव्हतं. मी स्वतःच बोर्डापाशी जायचो, बटण दाबायचो, धावत ड्रिलपाशी यायचो, भोक पाडायचो, परत जायचो. तोंडाने काय म्हणतो इकडे कधी लक्षच गेलं नाही. आणि एक गोष्ट मात्र मला माहीत होती, ती मी बाईंना सांगितली नाही. कौसल्या गेल्यावर दोनदा मी त्या दुकानात गेलो होतो. दुसऱ्या कामाला. दोन्ही वेळा काउंटरवरच्या काचेखाली तसलेच स्विच होते. मी ते पाहिले आणि विचारलं नाही.

"तुम्ही पडला असता त्याचं काय?" मी म्हणालो.

"ते माझ्यामुळेच झालं असतं. हिशेब सरळ आहे."

मंगल आली तेव्हा आम्ही दोघं तिथेच बसलेलो. तिने आधी बाईंना पाहिलं, मग माझ्या अंगावरची अर्धी लोकर, आणि कपाळाला हात लावला. बाईंनी तिला विचारलं की वाण काय मिळालं. प्लास्टिकची गाळणी मिळाली होती. बाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी आहेरांचा हात जात होता."

त्यानंतर किती दिवस तरी मी मागे गेलो नाही. मग एका सकाळी मंगल ती पुडी घेऊन आली. तिला हळदीचा आणि जिऱ्याचा वास होता. मी ड्रिल उघडलं. पट्टा कापला. जुना स्विच काढून नवा बसवला. सोपं काम. वायरीला नवा प्लगही लावला. मग फळ्यांसाठी कापून ठेवलेल्या लोखंडी पट्ट्या घेतल्या आणि त्यांचा कठडा केला, बाईंच्या पायऱ्यांना एक आणि माझ्या पायऱ्यांना एक. मेन स्विचच्या दांड्याला ग्रीस लावलं आणि फाटकाला तेल घातलं. स्टूल मी बाईंच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, उतरताना दम लागला तर बसायला.

आता हे सगळं जुनं झालं. बाई अजून भिंतीपलीकडे आहेत, वॉकर गेला आणि काठी आली. पण कठड्याला भोकं पाडायची होती तो दिवस मला आठवतो. पट्टी शिकंज्यात आवळली, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, ट्रिगरवर बोट ठेवलं आणि थांबलो. बोर्डाकडे बघितलं. हळदीचा डाग तसाच होता. तोंडात आलेला शब्द मी गिळला आणि ट्रिगर दाबला. ड्रिल फिरलं.

जाळीतून आवाज आला, "आज काही म्हणाला नाहीत."

मी यंत्राच्या आवाजावर मोठ्याने म्हणालो, "चालू."

"ऐकलं. मालिका लागलीय माझी. झालं की सांगा."

भोक पडलं. पट्टीतून बारीक चमकता कीस खाली सांडला.

"बंद," मी म्हणालो, आणि बोट सोडलं.